देव बरें करूं म्हणायचं नाही

गावडोंगरीच्या उपकेंद्रात मी गोळ्या मोजते.
एकोणीस वर्षं. खिडकीएवढं जग,
आणि खिडकीतून आत येणारे हात:
काजूच्या तेलानं भाजलेले,
माडावर चढून चढून सोललेले,
एक तर बारमाही हळदीचा.
चेहऱ्याआधी मी हात ओळखते.

चवथीला आठ दिवस असताना नागीण मला निघाली.
पाठीच्या कण्यापासून सुटली, बरगडीखालून
बेंबीच्या रोखानं निघाली.
डॉक्टरांनी लिहून दिलं, मीच मला मोजून दिलं:
आठशे मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा.
पुरळ वाळलं. आग वाळली नाही.
ब्लाऊजचं कापड लागलं तरी
पदर दातांत धरून रात्र काढायची.

सासूबाई म्हणाल्या, शाबी वेळीपकडे जा.
मी म्हटलं, उपकेंद्रातली बाई शाबीकडे?
त्या म्हणाल्या, मग दिवेलागणीनंतर जा.

शाबी माटोळीचं सामान निवडत बसलेली,
कवंडळं, कांगलां, घागऱ्यो.
मला पाहून हसली नाही, हे तिचं मोठेपण.
उठली, परसात गेली,
दुर्वांच्या बेटापाशी वाकून काहीतरी पुटपुटली.
"तिला विचारलं," म्हणाली.
"आणि नाही म्हणाली असती तर?"
"तर तुला फाल्यां यो म्हटलं असतं."

दुर्वांचा रस, तांदळाचं पीठ, काव.
तांबडी ओळ आधी पाठीवर, शेपटीला,
मग बेंबीच्या अलीकडे चार बोटं, तोंडाला.
"हांगाच राव." हे माझ्याशी नव्हे, तिच्याशी,
उनाड पोराला दटावावं तसं.
मग नुसते ओठ हलत राहिले.
मंत्र ऐकायचा नसतो. ऐकला
तर तिच्याकडून जातो, माझ्याकडेही येत नाही,
मध्येच कुठेतरी, साकवाच्या आसपास, मरतो.

तीन संध्याकाळी गेले.
वाटेत बोलायचं नाही. फाटीं पळयनाका.
पैसे द्यायचे नाहीत; नारळ उंबऱ्यावर ठेवायचा, न सांगता.
आणि देव बरें करूं म्हणायचं नाही.
तेच जड गेलं.
तोंडात आलेले तीन शब्द
घरापर्यंत गिळत गिळत आले.

चौथ्या रात्री त्या कुशीवर झोपले.
गोळ्यांनी, कावेनं, की तिचे दिवस भरले म्हणून?
माझ्या रजिस्टरात तारीख आहे, बॅच आहे, शिल्लक आहे.
याला रकाना नाही.

यंदा मार्चात शाबी खिडकीशी आली,
म्हणजे तिचा हात आला. नखांत काव तशीच.
दाब दोनशेच्या वर.
नातवानं स्कूटरवरून आणलेली, तो बाहेर मोबाईलमध्ये.
मी हळूच विचारलं, याला दिलंयस का काही?
"मागितल्याबगर देत नसतात," म्हणाली.
आणि थोडं थांबून,
"मागत नाही तो."

तीस गोळ्या मोजल्या. सकाळी एक, न चुकता.
तिनं पाकीट उलटंपालटं केलं, हुंगलं.
"हिला विचारलंस?"

मागे अकरा जणांची रांग.
पंख्याची खरखर, सुईच्या भीतीनं रडणारं कुणाचं पोर,
भिंतीवर लसीकरणाचा तक्ता.
मी काउंटरखाली वाकले,
काही तरी खाली पडल्यासारखं,
पाकीट दोन्ही हातांत धरलं.
काय म्हटलं ते सांगायचं नसतं.

"विचारलं," म्हणाले वर येऊन.
तिनं ते कमरेला खोचलं.
देव बरें करूं म्हणाली नाही.
रांगेनं वाट दिली, आणि ती मागे न पाहता निघाली
ती थेट दारापर्यंत.
दारातून वळली.
काठी विसरली होती.

"हें धरूं नाका," म्हणाली,
माझ्याकडे नव्हे,
कमरेच्या पाकिटाकडे बघून.